हात वर करून उभा राहणारा स्ट्रायकर

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या एका स्ट्रायकरवर माझा फार जीव आहे. पोस्टरवर झळकणारा तो खेळाडू नव्हे. बारा-तेरा क्लब फिरलाय बिचारा. बिचारा कसला, वाघ आहे! लहानपणी अंगानं बारीक म्हणून क्लबनं घरी पाठवलं, तर दिवसा बेकरीत राबून संध्याकाळी खालच्या डिव्हिजनमध्ये खेळला. एक हंगाम वरच्या डिव्हिजनमध्ये गाजवला. मग स्कॉटलंड, तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया, आणि पस्तिशी उलटल्यावर पुन्हा तीच चिखलाची मैदानं. गेला तिथं गोल ठोकले, कुठं तोंड वाकडं केलं नाही.

मी खेळाची शिक्षिका, तीही कंत्राटी. दोन वर्षं झाली की शाळा बदलते. आधी वाशिंद, मग शेणवा, आता मुरबाडकडची. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना मी फोनवर त्याचे जुने गोल बघत बसते. नवरा म्हणतो, तुझा हा फिरस्ता एका जागी टिकला का नाही, ते बघ आधी. मी म्हणते, टिकला नसेल, पण दर वेळी कुणाला तरी हवा होता. तुला नाही कळायचं ते.

त्याची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. जुन्या क्लबविरुद्ध गोल केला की तो नाचत नाही. दोन्ही हात वर करतो, मान खाली घालतो आणि उभा राहतो. ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्यापुढे मिरवायचं नाही. किती शहाणा माणूस!

गेल्या हिवाळ्यात मुलींच्या सामन्यात आमची गाठ नेमकी शेणव्याशी पडली. भात कापलेल्या शेतात मैदान आखलेलं. शेणव्याच्या मुली धावत येऊन माझ्या गळ्यात पडल्या, आणि माझ्या नव्या मुली लांबून बघत राहिल्या. बाई मनानं अजून शेणव्याच्याच, अशी कुजबुज त्यांच्यात आधीपासून होती. या मुली मला आपलं म्हणतील का, एवढीच धाकधूक मला होती. आणि अक्कल बघा माझी, मी त्यांनाच बजावलं, गोल झाला तर कुणी नाचायचं नाही, हात वर करून उभं राहायचं.

झाला की गोल. आमच्या शाळेचा पहिलावहिला. मारला तो आमच्या सगळ्यात अबोल मुलीनं. आणि अकराच्या अकरा जणी पोलिसांनी पकडल्यासारख्या हात वर करून उभ्या. पंच गोंधळले. चेंडू नक्की कुणाच्या हाताला लागला, म्हणून विचारायला लागले. त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली.

मध्यंतरात ती अबोल मुलगी समोर आली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "बाई, शेणव्याच्या तुमी होता. आमी कदी होतो? आमचा पयला गोल, तरी नाचू नाय दिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या स्ट्रायकरचे तसले गोल मी शंभरदा पाहिले असतील, पण बघत होते फक्त त्याच्याकडे. तो मान खाली घालून उभा असायचा, आणि त्याच्या संघातले त्याच्या खांद्यावर चढून नाचत असायचे. त्यानं कधीच कुणाला अडवलं नव्हतं.

मी कान धरले. म्हटलं, पोटभर नाचा, हात मी एकटी वर करीन.

दुसरा गोलही तिनंच मारला. मी रेषेबाहेर शेणव्याच्या मुलींकडे तोंड करून हात वर केले, मान खाली घातली. तेवढ्यात आमच्या सगळ्या जणी धडाधड माझ्या अंगावर येऊन आदळल्या. मी हात खाली घ्यायला गेले, तर त्या अबोल पोरीनं माझी मनगटं तशीच वर धरून ठेवली.

"तुमी उभ्याच ऱ्हा बाई. तुमच्या वाटचं आमी नाचतो."