संध्याकाळी बघतो

गल्लीत त्यांना सगळे चकाचकराव म्हणत. गिऱ्हाइकाच्या मानेवरचा शेवटचा केस झटकून, मागे आरसा धरून ते म्हणत, "झालं चकाचक," आणि हे ऐकल्याशिवाय कुणी खुर्चीतून उठत नसे. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. दुकानातल्या बाटल्या एका रेषेत, टॉवेलच्या घड्या एका रेषेत, आणि गिऱ्हाइकाचे दोन कल्ले सारखे झाले नाहीत तर यांना जेवण जायचं नाही.

पुढच्या खोलीत दुकान, मध्ये घर, मागच्या दारी बायकोची बाग. पुढचं त्यांचं, मागचं तिचं, अशी न बोलता झालेली वाटणी होती. कापलेले केस ती झाडून नेई आणि बागेच्या कोपऱ्यात टाकी. थंडी सरत आली की चिमण्या तो ढीग उपसायला लागत. घरट्यात अंथरायला यांच्या दुकानातला माल त्यांना फार पसंत होता. मग ती हात पुसत दुकानाच्या दाराशी येई आणि सांगे, "अहो, चिमण्या केस न्यायला लागल्या." थोड्या दिवसांनी पुन्हा येई, "अहो, वेलीला कळ्या आल्या." ही वेल तिने माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पानं फुटायच्या आधीच तिला जांभळ्या फुलांचे घोस लटकत.

चकाचकराव गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर न काढता म्हणत, "हो का? संध्याकाळी बघतो."

संध्याकाळी दुकानात गर्दी असे. गर्दी नसली तर पेपर असे. पेपर वाचून होईतो अंधार पडे. तीही कधी विचारायला आली नाही, की बघितलंत का म्हणून. माणूस वाईट नव्हता. बायकोला ते कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, पण सरळ शब्दही तसे मोजकेच बोलले. बाग काय, कुठे पळून जाते आहे, असं त्यांना वाटे. बायकोबद्दलही तसंच वाटत असावं.

मग तिचं हृदय थकलं. दोन पायऱ्या उतरली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी चकाचकरावांना बाजूला घेऊन काही सांगितलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन फक्त तिचा पलंग ओढून मागच्या खिडकीशी लावला. खायला काय आणू, कुणाला बोलावू, असं ते दर तासाला विचारायला लागले. ती म्हणाली, काही नको, एवढा वेलीचा बहर बघितला की झालं.

एवढंच मागितलं, आणि तेही फुकटचं. चकाचकराव त्या दिवसापासून कामाला लागले. ऐन थंडीचे दिवस. वेल नुसती काड्यांचा गुंता होऊन भिंतीवर पसरली होती, महिनोन्‌महिने कटिंग न केलेल्या माणसासारखी. अशा अवतारात बहर यायचा कसा? त्यांचा हिशेब पक्का होता. केस मुळातून वाढतो. टोकं कापली की जोमाने येतो. त्यांनी दुपारी दुकान बंद केलं, शिडी लावली, कंगवा सवयीने खिशात टाकला आणि वेलीची अशी बिनपाण्याने केली की भिंतीवर डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ दिसायला लागली. खाली उतरून, मान तिरपी करून त्यांनी दोन्ही बाजू सारख्या झाल्यात का ते बघितलं. मग खिडकीकडे वळून म्हणाले, "झालं चकाचक."

ती खिडकीतून हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून ते आणखी खूश झाले.

त्या दिवसापासून त्यांना मागच्या दाराची गोडीच लागली. सकाळी चहाचा कप घेऊन ते बागेत जात आणि खिडकीशी उभे राहून तिला एकेक खबर देत. कोपऱ्यातल्या मातीला भेग पडली आहे आणि आतून हिरवं टोक डोकावतं आहे. कालपर्यंत मेल्यासारखं दिसणारं झाड आज फांद्यांवर लालसर दिसतं आहे. चिमण्या केस न्यायला लागल्या. जणू हे सगळं जगात प्रथमच घडत होतं आणि त्याचा शोध यांनीच लावला होता. ती मन लावून ऐके. हे सगळं तिला पाठ होतं, पण तसं तिने दाखवलं नाही.

बाग फुलली. वेलीला मात्र पानंच आली. हिरवीगार, तजेलदार, नुसती पानं. चकाचकरावांनी पाणी वाढवलं, खत आणून घातलं. उशीर होत असेल, ती म्हणायची. पानं हाताएवढी झाली तरी कळीचा पत्ता नाही. तिला आता उशीला टेकूनही बसवेना. एका सकाळी मात्र चकाचकरावांचं डोकं फिरलं. खतवाल्याने माती विकली, आज त्याची हजामत करून येतो, असं म्हणत ते चपला घालायला लागले.

"त्या बिचाऱ्याशी भांडू नका," ती म्हणाली. "खताचा काही दोष नाही."

"मग कुणाचा?"

"ही वेल गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलते. त्या तुम्ही थंडीत कापल्यात."

एक पाय चपलेत आणि एक बाहेर, असे चकाचकराव तिथेच उभे राहिले. "तू इथेच होतीस. बघत होतीस. मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. खिडकी वाजवायला हातसुद्धा उचलला होता." तिला धाप लागली, ती थांबली. "मग म्हटलं, राहू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागच्या दारी आलात. अडवलं असतं तर आत निघून गेला असतात, आणि परत आला नसतात."

ते तिच्या पायाशी बसले आणि रडले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, एवढंच असतं तर त्यांनी सोसलं असतं. पण एका बहराच्या बदल्यात तिने त्यांच्या चार सकाळी घेतल्या होत्या, आणि हा सौदा तिला परवडला, इतकं त्यांनी तिला वर्षानुवर्षं उपाशी ठेवलं होतं. तिने त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि मागचे जरा वाढलेत म्हणाली.

पुढची थंडी तिने पाहिली नाही.

त्या थंडीत चकाचकरावांनी वेलीला कात्री लावली नाही. भिंतीवर पुन्हा गुंता माजला, रेघ बुजली. थंडी सरत आली तशा चिमण्या आल्या. मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते वेलीशी उभे असताना त्यांना दिसलं, की जुन्या फांदीवर करड्या रंगाचे, लव असलेले बारीक ठिपके उठले आहेत. एक नाही, फांदीभर. पुढचीही फांदी भरलेली. ते लगबगीने खिडकीपाशी गेले आणि "अगं" म्हणाले. आत पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती.

दुकानात पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. त्यांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी फवारलं, कंगवा फिरवला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"मागच्या दारी वेलीला कळ्या आल्यात," ते म्हणाले.

गिऱ्हाइकाने मोबाइलवरून नजर काढली नाही. "हो का? जाताना बघतो."

चकाचकरावांनी कटिंग केली, कल्ले सारखे केले, मागे आरसा धरला. गिऱ्हाईक उठलं आणि घाईघाईने पुढच्या दाराने निघून गेलं. चकाचकरावांनी त्याला आठवण करून दिली नाही. तिनेही कधी करून दिली नव्हती.