हवेत थांबलेला पोरगा

आईचा तेरावा झाल्यावर काल इंदिरानगरच्या तिच्या घरून गंगापूर रोडच्या माझ्या घरी परतलो आणि सवयीनं गेम चालू केला. आई गेल्याचा फोन आला तेव्हा रिमोट तसाच टाकून पळालो होतो. खेळातला पोरगा अजून दोन कड्यांच्या मध्ये, हवेतच थांबलेला होता.

लहानपणी आमचा टीव्ही स्वयंपाकघरातून दिसायचा. एकदा अशीच अर्धी उडी थांबवून मी जेवायला उठलो. आई भाकरी थापत होती, घरभर भाजक्या पिठाचा वास होता. पडद्याकडे बघून तिचा हात थांबला.

“अरे, त्याला लटकत ठेवून काय येतोस? आधी खाली उतरव.”

“आई, ते चित्र आहे गं!”

“असू दे. त्याच्याही आईचा जीव खालीवर होत असेल.”

मी पोट धरून हसलो. पण त्याला उतरवून आलो, तेव्हाच तिनं ताटात भाकरी वाढली.

तेव्हा वाटलं होतं, हिला गेममधलं काही कळत नाही.

काल रिमोट हातात घेतला. मग बटण दाबलं. पोराचे पाय जमिनीला टेकले.

“उतरला गं,” मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणालो.