जाऊन येते

सुभद्राकाकी बसमध्ये चढण्याआधी घराच्या मागं जाऊन यायची. पूजेला बसण्याआधी, फोटोला उभं राहण्याआधी, गणपतीत झाकरीच्या नाचात उतरण्याआधीसुद्धा. "थांब रे, जाऊन येते," एवढंच म्हणायची आणि आमच्या बेटावरच्या सें पिएर गावातली सगळी मराठी आळी तिच्यासाठी खोळंबायची. आम्ही शेजारची मुलं तिची हुबेहूब नक्कल करायचो.

पुढे मी इस्पितळात कर्करोगावर किरण देणाऱ्या कोबाल्टच्या यंत्रावर कामाला लागलो, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काकी माझ्याच यंत्राखाली आली. जन्मभर उसात राबलेली बाई; गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. डॉक्टर मला म्हणाले, "तुमची भाषा एकच. तिला नीट समजावा. पाणी पिऊन यायचं आणि किरण देऊन होईपर्यंत लघवी धरून ठेवायची. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, बरीचशी वाचतात."

मी काकीला म्हटलं, "यायच्या आधी तीन पेले पाणी पी हं." पुढचा शब्द जिभेवर आला आणि मी तो गिळला. परक्या बायकांना हे सगळं मी बेटावरच्या क्रेओल बोलीत बिनदिक्कत सांगत असे. पण जिने मला कडेवर खेळवलं तिच्यापुढे, मराठीत, लघवी म्हणायचं?

काकी रोज इमानाने तीन पेले पाणी पिऊन येई. आणि टेबलावर आडवं होण्याआधी, अर्थातच, "जाऊन येते" म्हणे. मी दाराशी वाट पाहत उभा राही. मला कळत होतं, हेच वाईट. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी तीन आठवडे घालवले.

चौथ्या आठवड्यात तिला हगवण लागलेली नर्सच्या लक्षात आली. मला काकीने पत्ता लागू दिला नव्हता. नर्स तिला म्हणाली, "पा पिसे, मातांत," मावशी, मुतून येऊ नकोस. दोघी खळखळून हसल्या. मी यंत्राची बटणं पुसत राहिलो.

कर्करोग गेला, पण आतडी पूर्ववत झाली नाहीत. कदाचित तसंही झालं असतं, डॉक्टर म्हणाले. मला त्याने बरं वाटलं नाही. काकीने बसने फिरणं सोडलं, जवळच्या फिनिक्स गावी लेकीकडे जाणं सोडलं. गणपतीत ती व्हरांड्यातूनच झाकरी ऐके. "की पू फेर," म्हणे, "काय करायचं. जीव तर हाय."

काही वर्षांनी धीर करून मी तिला सगळं सांगितलं. ती शेवग्याचा पाला निवडत होती. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला. नर्सनं सांगितलं तवाच कळलं. तू लाजलास. मीबी लाजलेच की, हगवण कुठं सांगितली तुला?" मग म्हणाली, "आता आपल्या बायांना सांगतोस ना?"

"हो," मी म्हणालो. ते खोटं होतं. मराठी बाई आली की मी अजून नर्सलाच पुढे करत होतो.

काकीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग म्हण बघू."

भर दुपारी, त्या व्हरांड्यात, मान खाली घालून मी तो शब्द म्हटला.

"मोठ्यानं."

मी पुन्हा म्हटला. ती हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. मांडीवरचं सूप बाजूला सारून उठली.

"थांब रे, जाऊन येते," म्हणाली, आणि भिंतीला धरत घाईघाईने मागं गेली.