रामभाऊंना न पटलेला चौक

माझे सासरे रामभाऊ नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले आणि पहिल्या दिवसापासून जवळच्या मॉलमधल्या चौकावर संशय घेऊ लागले. इटलीतल्या एका जुन्या चौकाची ती हुबेहूब नक्कल. मूळ चौकात बाजार भरायचे, बंडं व्हायची, असं फलकावर लिहिलंय.

"मग इथं साधं भांडणही कसं होत नाही? काहीतरी गडबड आहे."

चौदा एप्रिलला त्यांनी चौकाची परीक्षाच घेतली. तिथल्या कारंज्याच्या कठड्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेवून मेणबत्ती लावली. लगेच गार्ड धावत आला. जागा खासगी आहे, परवानगी लागते म्हणाला.

मी भडकले, त्याच्याशी वाद घालू लागले. रामभाऊंनी शांतपणे फोटो उचलला.

"चल, प्रणिता. हा चौक नाही, कुणाचं तरी अंगण आहे. अंगणातून हाकलणारा आवाज मी लहानपणापासून ओळखतो."