फाटलेला आवाज
गिटारचा अ‍ॅम्प तापला की आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवरची धूळ भाजल्याचा वास येतो आणि मला कामशेतचं ते दुकान आठवतं. लग्नमांडवातले भोंगे दुरुस्त करणारे एक चाचा तिथे बसायचे. शेजारच्या भातगिरणीचा कोंडा उडून त्यांच्या टेबलावर बसलेला असे. माझ्याकडे तेव्हा एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्प होते, एक जुना आणि एक सुधारलेला नवा. एक ठेवून दुसरा विकणाऱ्याला त्याच संध्याकाळी परत द्यायचा होता. कुठला चांगला यावरची इंटरनेटवरची भांडणं वाचून माझं डोकं पिकलं होतं. नव्याचं बटण सैल होतं, म्हणून गिटारसकट दोन्ही घेऊन गेलो. बटण बसल्यावर वाजवून पाहिला, तर चाचा म्हणाले, “आवाज फाटलाय. थांबा, नीट करतो.” मी म्हणालो, “चाचा, रॉक वाजवताना हा फाटायलाच हवा. त्यासाठीच बनवलाय.” आवाज फाटू नये म्हणूनच त्यांनी जन्मभर काम केलं होतं. “बरं, दुसरा लावा,” ते म्हणाले. जुन्यावर मी तेच वाजवलं. त्यांनी डोळे मिटले. “फाटलेत दोन्ही. पन ह्यात साही तारा येगळ्या ऐकू येत्यात. नव्यात दणका लय हाय, तारा कुटं गेल्या कळत न्हाई.” मी जुना ठेवला. निघताना त्यांनी हळूच विचारलं, “नक्की नीट करायचा न्हाई ना?” आता ते दुकान नाही. मी मात्र अजूनही कुठलाही अ‍ॅम्प लावला की डोळे मिटून आधी सहा तारा शोधतो.