ड्रोन येणार म्हणून झाडलेला किनारा
सुकटीचा वास आला की मला सासूबाईंच्या हातातली केरसुणी आठवते. मुरुडजवळच्या आमच्या कोळीवाड्याचा वाहून गेलेला किनारा वाळूनं पुन्हा भरायचा होता, त्यासाठी साहेब ड्रोननं फोटो काढायला येणार होते. पाहुणे येणार म्हटल्यावर सासूबाईंनी बायकांना हाका मारल्या. वाळत घातलेला जवळा, जाळी, टोपल्या, सगळं घरात गेलं आणि वाळू अंगणासारखी झाडली. वाळू भरायचं काम झालं तसं साहेबांनी आमच्या मासळी वाळवायच्या जागेला कुंपण घातलं. भांडायला गेलो, तर साहेबांनी फोटोच पुढं केला, "दाखवा, इथं कोण काय वाळवतं?" आता सुकट आम्ही बाजारातून आणतो. परवा ती निवडताना सासूबाई म्हणाल्या, "फोटू मातुर साफ आलेला, न्हाय गो?"