दोनशे मिली, नॉन-रिटर्नेबल

"आत आली तवा बाटली खाली होती, मॅडम. आता भरून जाऊन राहिली. मंग हा माल आला कुठून?"

बोरकर आमच्या गेटचे सिक्युरिटी इन्चार्ज. मूळचे भंडाऱ्याचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचे. संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. माझी बॅग टेबलावर उघडी पडली होती आणि त्यांच्या हातात दोनशे मिली दूध होतं. माझं.

"माल मीच बनवला," मी म्हणाले.

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मला घाम फुटला होता, पण तो लाजेचा नव्हता, रागाचा होता.

मी भिलाईतल्या एका खाजगी फाउंड्रीत केमिस्ट आहे. भट्टीत लोखंड वितळलं की त्याचा छोटा सॅम्पल लॅबमध्ये येतो. त्यात कार्बन किती, मँगनीज किती, ते मी तपासते. मी हो म्हटल्याशिवाय तो माल साच्यात ओतत नाहीत. त्यामुळे मॅटर्निटी लीव्ह संपताच कंपनीला मी हवी होते. लेकालाही हवी होते. तो पाच महिन्यांचा, वेळेआधी जन्मलेला, वजनाला कमी. डब्याचं दूध दोनदा देऊन पाहिलं, दोन्ही वेळा त्याने ओकून टाकलं. आज मी कामावर काढलेलं दूध उद्या कोहका वस्तीतल्या आमच्या घरी सासूबाई त्याला पाजायच्या. बाटली गेटबाहेर गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी एक तर तो उपाशी, नाहीतर मी घरी.

बॅग मी लॅबच्या शिस्तीने भरायची. तळाशी गोठवलेले आइस पॅक, त्यांच्यामध्ये उकळून घेतलेल्या दोन बाटल्या. वर दूध काढायचा पंप, त्याचे कप वेगळ्या डब्यात, चार्जर, ओढणी, एक जादा कुर्ता, आणि बाटलीवर वेळ लिहायला मार्कर. लॅबच्या फ्रिजमध्ये केमिकल्स असतात, तिथे दूध ठेवायचा प्रश्नच नव्हता. पंप करायला बॅलन्स रूम, म्हणजे नाजूक वजनकाट्याची खोली. तिला आतून कडी आहे, एवढाच तिचा गुण. पंप सुरू झाला की काट्यावरचे आकडे नाचायला लागायचे.

पहिले चार दिवस कोणी बॅग पाहिली नाही. पाचव्या दिवशी तांब्याची तार चोरीला गेली आणि सगळ्यांच्या बॅगा उघडायला लागल्या. नियम असा, की कारखान्यात तयार झालेली कोणतीही वस्तू बाहेर न्यायची तर मटेरियल गेटपास लागतो. तीन प्रती, वर्क्स मॅनेजरची सही.

"आजच्या दिवस ओतून टाका नं," बोरकर आवाज खाली करून म्हणाले. "मले बी नोकरी हाय."

"तुमच्या नोकरीसाठी माझ्या पोराले उपाशी ठेवू का? फॉर्म द्या."

उभ्याउभ्याच भरला. वस्तू: आईचं दूध. परिमाण: दोनशे मिली. तयार करणारा विभाग: लॅब. वस्तू परत येणार की नाही, म्हणजे रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल, तिथे नॉन-रिटर्नेबलवर खूण केली आणि वर्क्स मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

वाचताना साहेबांचे कान लाल झाले. "मॅडम, ये सब लिखने की क्या ज़रूरत थी?"

"गेट पर माँगा है, सर."

"घर में कोई और इंतज़ाम नहीं हो सकता?"

"सैंपल पास करने का कोई और इंतज़ाम है, सर?"

त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉर्म नेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सोमवारच्या मीटिंगमध्ये आठवड्यात काय काय बाहेर गेलं त्याची यादी वाचतात. स्टोअरकीपरने सपाट आवाजात वाचली: एक मोटर दुरुस्तीला, दोन साचे, आईचं दूध, आईचं दूध, आईचं दूध. कोणी मान वर केली नाही.

नवव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "कल से आप ऐसे ही निकल जाइए. मैंने गेट पर बोल दिया है."

जिंकले, असं वाटलं. त्याच दुपारी बॅलन्स रूमची कडी काढली तर दारात दुलारी उभी. ती जवळच्या उतई गावाहून येते, लॅबची झाडपूस करते, ठेकेदाराकडे आहे.

"मोर लइका घलो दूध पियथे, दीदी," ती म्हणाली. "मैं तो बाथरूम म निचो के फेंक देथंव."

तिचंही बाळ अंगावर पीत होतं, आणि ती रोज ते दूध मोरीत पिळून टाकत होती. नऊ दिवस मी आत कडी लावून बसले आणि ती बाहेर फरशी पुसत राहिली. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पासवर दोन ओळी होत्या. दुलारीचं दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात, माझ्याच बर्फात.

बोरकर म्हणाले, "साहेबांनी फक्त तुमचं सांगतलं हाय. इचं नाई."

मी पुन्हा केबिनमध्ये. "सर, लिखकर दीजिए. सबके लिए. तब तक मैं पास भरती रहूँगी, दोनों के."

"वो ठेकेदार की लेबर है."

"दूध ठेकेदार का नहीं है, सर."

माझं अप्रेझल जवळ आलंय, याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, करा की. आणखी सहा दिवस दोघींचे पास भरले, रोज त्यांच्या सहीला नेले. सातव्या दिवशी सर्क्युलर निघालं, तीन ओळींचं. अंगावर पाजणारी कर्मचारी कंपनीची असो वा ठेक्याची, दुधाला गेटपास लागणार नाही. बॅलन्स रूम दुपारी तिच्यासाठी मोकळी राहील. बोरकरांनी ते स्वतः गेटवर चिकटवलं.

अप्रेझलमध्ये माझ्या वागणुकीपुढे 'सुधारणा आवश्यक' असा शेरा आला. मी काही सुधारले नाही.

एक मात्र शिकले. तोंडी मिळते ती मेहरबानी, आणि ती एकटीपुरती असते. चार महिन्यांत ते साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात गेटवर दुलारीचा डबा थांबवला. बोरकरांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि तिला जाऊ दिलं. मी त्या दिवशी रजेवर होते.